अकरावीला मानसशास्त्र घ्यावे का? मुलगी ठाम आहे, घर साशंक आहे

धायरीची पालक

सर्वांना नमस्कार. माझ्या मुलीचा दहावीचा निकाल नुकताच लागला असून तिला 88 टक्के गुण मिळाले आहेत. तिचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा अर्ज भरायला बसलो तेव्हा तिने कला शाखेचा आग्रह धरला, आणि त्याचे एकमेव कारण म्हणजे तिला मानसशास्त्र शिकायचे आहे. तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. सासऱ्यांचे म्हणणे असे की इतके चांगले गुण मिळवून वेड्यांचा अभ्यास करायला येरवड्याची वाट कशाला धरायची. यजमानांचा विरोध इतका टोकाचा नाही, परंतु आधी विज्ञान शाखेतून बारावी व्हावे आणि नंतर हवे ते करावे, असे त्यांना वाटते.

मी स्वतः वाणिज्य शाखेची असल्यामुळे मला या विषयाची काहीच माहिती नाही. अकरावी आणि बारावीला या विषयात नेमके काय शिकवतात, की तो केवळ सहज गुण मिळवून देणारा विषय आहे? मराठीतून शिकल्यास पुढे अडते का? आणि कला शाखा घेतल्याने कोणत्या वाटा कायमच्या बंद होतात? आणखी एक गोष्ट लिहू की नको असे वाटत होते, पण लिहिते. दहावीच्या वर्षात मुलीला परीक्षेचा फार ताण आला होता, रात्र रात्र झोप लागत नसे. त्यामुळे ती हा विषय स्वतःला समजून घेण्यासाठी तर निवडत नाही ना, अशी शंका मला येते. ज्यांनी हा विषय शिकवला आहे किंवा शिकला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त अध्यापिका, सदाशिव पेठ

मी पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात 26 वर्षे मानसशास्त्र शिकवले. त्यामुळे माझे मत विषयाच्या बाजूने झुकलेले असणार, हे आधीच मान्य करते आणि मग लिहिते.

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात अकरावीला विषयाची ओळख, त्याच्या शाखा, मानवी विकास, मेंदू आणि वर्तन यांचा संबंध, ताण आणि मानसशास्त्रीय प्रयोग असा भाग येतो, तर बारावीला बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, बोधनिक प्रक्रिया (म्हणजे लक्ष देणे, विचार करणे यांसारख्या मनाच्या क्रिया), भावना, मनोविकृती आणि सकारात्मक मानसशास्त्र ही प्रकरणे येतात. म्हणजे आपल्या सासऱ्यांना ज्याची धास्ती वाटते तो मनोविकृतींचा भाग दोन वर्षांच्या अभ्यासात जेमतेम एका प्रकरणाएवढा आहे. उरलेला सगळा अभ्यास तुमच्या आमच्यासारख्या धडधाकट माणसांचा आहे: आपण विसरतो का, एका वेळी किती गोष्टींकडे लक्ष देऊ शकतो, राग आल्यावर शरीरात काय घडते, बुद्धी मोजता येते का आणि येत असल्यास कशी. लेखी परीक्षा 80 गुणांची असते आणि उरलेले 20 गुण प्रकल्पाचे असतात. बालभारतीची दोन्ही पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. निर्णयापूर्वी मुलीसह आपणही ती चाळावीत, आणि शक्य असल्यास सासऱ्यांपुढेही ठेवावीत.

सहज गुण मिळवून देणारा विषय, ही ख्याती मला नेहमीच खटकत आली आहे. पाठांतर करून उत्तीर्ण होता येते हे खरे, पण ते कोणत्या विषयात येत नाही? खरी अडचण निराळी आहे. मानसशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या दिवशी वर्गात येतो तो प्रत्येक गोष्टीवर आपले मत तयार घेऊनच येतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला गंधकाबद्दल मत नसते. आमच्या विद्यार्थ्याला मात्र आई, मावशी, मित्र आणि व्हॉट्सअॅप यांच्याकडून मनाविषयीचे सगळे काही आधीच कळलेले असते. ते बाजूला ठेवून, ‘हे कशावरून?’ असे विचारायला त्याला शिकवणे हेच अकरावीच्या शिक्षकाचे मुख्य काम असते, आणि ते अवघड आहे.

मी त्यासाठी दरवर्षी एक उदाहरण घेत असे. अमेरिकेतील एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि नंतर गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न सर्वांना एकच होता, फक्त त्यातले क्रियापद बदललेले होते. गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता, असे ज्यांना विचारले त्यांनी सरासरी ताशी 40.8 मैल सांगितला. एकमेकींना नुसत्या टेकल्या तेव्हा वेग किती, असे ज्यांना विचारले त्यांचे उत्तर सरासरी 31.8 मैल आले. दुसऱ्या प्रयोगात एका आठवड्यानंतर त्यांनी विचारले की फुटलेली काच दिसली होती का. चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. तरीही ‘आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जणांनी काच पाहिल्याचे सांगितले, तर सौम्य शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 7 जणांनी. मी हे वर्गात सांगितले की मुले हमखास म्हणत, ‘तिकडच्या लोकांचे तसे होत असेल.’ मग मी त्यांना कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या किरकोळ अपघाताचे वर्णन वाचून दाखवत असे आणि निम्म्या वर्गाला ‘दुचाकी रिक्षाला घासली तेव्हा’ व निम्म्या वर्गाला ‘दुचाकी रिक्षाला धडकली तेव्हा’ असा प्रश्न लिहिलेल्या चिठ्ठ्या देत असे. आकडे फळ्यावर मांडले की वर्ग काही काळ गप्प होई. माझा तो काही शास्त्रशुद्ध प्रयोग नव्हता आणि तो शास्त्रशुद्ध का नव्हता, यावरच आमचा पुढचा तास जात असे.

सासऱ्यांसाठी आणखी एक माहिती देते. बुद्धिमापन हा काही पाश्चात्त्यांचा नुसता उसना माल राहिलेला नाही. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये तयार केलेल्या कसोटीच्या परंपरेतून व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी कसोटी बेतली आणि ती बिने-कामत कसोटी या नावाने ओळखली जाते. आपल्या पुण्यात डॉ. वि. वि. पेंडसे यांनी 1962 मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ते मुळात मानसशास्त्राचेच अभ्यासक होते, आणि प्रज्ञावंत मुले कसोट्यांच्या साहाय्याने निवडून त्यांना वेगळे शिक्षण द्यावे हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. येरवड्याचे मनोरुग्णालय ही या शास्त्राची एक जागा आहे, आणि तीही सन्मानाची जागा आहे. तिच्यावरून चेष्टा करण्याची आपल्या शहरातील खोड आता जावी, असे मला मनापासून वाटते.

टिळक रस्ता

मी सध्या मानसशास्त्रात एम. ए. करतो. बारावी कला शाखेतून, मराठी माध्यमातून आणि मानसशास्त्र घेऊन झाली. बाईंनी वर्गाच्या बाजूने लिहिले आहे, मी बाकाच्या बाजूने लिहितो.

बारावीच्या प्रकल्पाला बहुतेक मुले ताणाविषयी प्रश्नावली वाटतात, कारण ते सोयीचे असते. मी जॉन रिडली स्ट्रूप यांच्या 1935 च्या प्रयोगाची मराठी आवृत्ती करण्याचे ठरवले. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने, ‘निळा’ हा शब्द पिवळ्या शाईने, अशा रीतीने रंगांची नावे भलत्याच रंगात लिहायची आणि समोरच्याला शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लावायचे. वाचन इतके अंगवळणी पडलेले असते की शब्द आपोआप वाचला जातो, जीभ अडखळते आणि वेळ जास्त लागतो. शब्द आणि शाई जुळणारी एक सोपी यादी आणि ही अवघड यादी, अशा दोन्ही मी वर्गातील 20 जणांना दिल्या आणि अवघड यादीला जवळपास सर्वांचा वेळ वाढला. मी आनंदाने वही घेऊन बाईंकडे गेलो. (त्या वरच्या बाई नव्हेत, माझ्या बाई.) त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘सोपी यादी सगळ्यांना आधी दिलीस का?’ दिली होती. मग कदाचित मुले दुसऱ्या यादीपर्यंत कंटाळली असतील, कदाचित उलट सरावाने वेगही वाढला असेल, काही सांगता येत नाही. निम्म्यांना आधी सोपी आणि निम्म्यांना आधी अवघड यादी द्यायला हवी होती. शिवाय दहा जणांची चाचणी मी मधल्या सुट्टीच्या गोंगाटात घेतली होती आणि दहा जणांची शांत ग्रंथालयात. सगळे पुन्हा करावे लागले. स्वतंत्र चल (प्रयोगात आपण मुद्दाम बदलतो ती गोष्ट) आणि परतंत्र चल (तिच्या परिणामासाठी मोजतो ती गोष्ट) यांच्या व्याख्या मला त्याआधी तोंडपाठ होत्या, पण त्यांचा अर्थ त्या आठवड्यात कळला.

मराठी माध्यमाविषयी स्पष्टच सांगतो. पदवीच्या पहिल्या वर्षी मला त्रास झाला. ‘अभिजात अभिसंधान’ म्हणजे खाण्याआधीची खूण मिळताच लाळ गळू लागणाऱ्या पावलॉव्हच्या कुत्र्याचा तोच प्रयोग ज्याला वर्गात इतर मुले ‘क्लासिकल कंडिशनिंग’ म्हणत आहेत, हे जोडून घ्यायला सुरुवातीला वेळ लागे. ‘अवधान’, ‘संवेदन’, ‘प्रबलन’, ‘छिन्नमनस्कता’ हे शब्द मला कळत होते, पण ग्रंथालयातील जाडजूड पुस्तके त्या शब्दांत बोलत नव्हती. त्यावर उपाय फार कठीण नाही. बालभारतीचे तेच पुस्तक इंग्रजीतही उपलब्ध आहे, आणि अकरावीपासून दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून प्रत्येक प्रकरणातील संज्ञांची वही केली असती तर माझे ते वर्ष वाचले असते. मात्र मराठीतून शिकल्याचा एक फायदा आजही जाणवतो. आता प्रशिक्षणाचा भाग म्हणून मी ज्या लोकांशी बोलतो ते ‘अँक्झायटी’ म्हणत नाहीत, ते ‘धडधड होते’, ‘जीव घाबरा होतो’, ‘डोक्यात सारखं तेच तेच येतं’ असे म्हणतात. त्यांचे बोलणे मनातल्या मनात आधी इंग्रजीत नेऊन मग समजून घ्यावे लागत नाही.

हिंजवडीचा बाबा

यजमानांचे म्हणणे मला योग्य वाटते. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्याला कला शाखेच्या पदवीला प्रवेश मिळतो, उलट मात्र होत नाही. मग मुद्दाम दार कशाला बंद करून घ्यायचे? मानसशास्त्रात बी. ए. करण्यासाठी बारावीला मानसशास्त्र असावेच लागते असे नाही, हेही खरे आहे. 88 टक्के मिळवणाऱ्या मुलीला दोन वर्षे विज्ञान जड जाणार नाही.

समुपदेशक, कोथरूड

वरील प्रतिसादातील माहिती बरोबर आहे, निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. मी गेली अनेक वर्षे शाळांमध्ये समुपदेशन करते, म्हणून वाटांविषयी थोडे नेमके लिहिते, कारण येथे तीन वेगळे व्यवसाय लोक एकच समजतात.

मानसोपचारतज्ज्ञ (सायकियाट्रिस्ट) हा डॉक्टर असतो. त्याला आधी एम. बी. बी. एस. आणि नंतर त्या विषयात एम. डी. सारखे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते, आणि मनोविकारांवरील औषधोपचार हे त्याचे क्षेत्र असते. आपल्या मुलीच्या मनात हे असेल तर तिला बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान घेऊन ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यावी लागेल आणि कला शाखा ही खरोखरच बंद वाट ठरेल. हा प्रश्न तिला आजच, सरळ शब्दांत विचारा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) औषधे देत नाही, तो मानसशास्त्रीय चाचण्या घेतो आणि बोलण्यातून मानसोपचार करतो, आणि त्यासाठी पदव्युत्तर स्तरावर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम पूर्ण करून परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ही परिषद 1992 च्या कायद्याने स्थापन झालेली आहे. या वाटेने जाणाऱ्याला बारावीची शाखा आडवी येत नाही. शाळा, महाविद्यालये, उद्योग यांत काम करणारे समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ ही तिसरी वाट, आणि तीही पदवीनंतर किमान दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाची आहे. नुसत्या बी. ए. वर, किंवा तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर, पाटी लावून बसलेले लोक पुण्यात कमी नाहीत. आपली मुलगी त्यांत नसावी एवढेच म्हणते. हल्ली अनेक पालक ‘पुढे दूरशिक्षणाने करू’ असे म्हणतात, त्यांनी लक्षात घ्यावे की विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025-26 च्या शैक्षणिक सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली आहे.

आता निष्कर्षाविषयी. विज्ञान शाखेची दोन वर्षे म्हणजे फक्त तीन-चार विषय नव्हेत. सकाळी महाविद्यालय, दुपारी खासगी शिकवणी, संध्याकाळी चाचणी परीक्षा असा तो दिनक्रम असतो. ज्या मुलीला दहावीत झोप लागत नव्हती तिने, आपल्याला करायचे नसलेल्या गोष्टीसाठी, केवळ दार उघडे राहावे म्हणून त्यातून जावे का? माझ्याकडे येणाऱ्या अकरावीच्या मुलांपैकी बरीच मुले अशा उघड्या ठेवलेल्या दारांतच अडकलेली असतात.

हिंजवडीचा बाबा

दिनक्रमाचा मुद्दा मान्य आहे. माझा मुलगा सध्या त्यातूनच जात आहे, आणि तो हे वाचत नसावा अशी आशा करतो. पण गणिताचे काय? कला शाखेत गेले की गणित सुटते आणि पुढे संख्याशास्त्र आले की ही मुले रडतात, असे ऐकले आहे.

टिळक रस्ता

रडतात. मीही रडलो आहे. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध हे सगळे पदवीलाच समोर येते आणि एम. ए. ला तर त्याशिवाय पान हलत नाही. मात्र गणित फक्त विज्ञान शाखेतच घेता येते हा गैरसमज आहे. राज्य मंडळाचे गणित आणि संख्याशास्त्राचे पुस्तक कला व विज्ञान या दोन्ही शाखांसाठी एकच आहे. काही कनिष्ठ महाविद्यालयांत कला शाखेच्या विद्यार्थ्याला गणित घेता येते. मला हे बारावी झाल्यावर कळले.

बाणेर

आमच्या मुलाने केंद्रीय मंडळातून (सीबीएसई) हाच विषय घेतला होता, म्हणून एक तुलना. तिथे लेखी परीक्षा 70 गुणांची आणि प्रात्यक्षिक 30 गुणांचे असते. बारावीला बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, चिंता अशांसारख्या बाबींच्या चाचण्या प्रत्यक्ष एखाद्या व्यक्तीवर घेऊन अहवाल लिहावा लागतो आणि एका व्यक्तीचा सविस्तर अभ्यासही सादर करावा लागतो. त्याने अभ्यासासाठी स्वतःच्या आजीला निवडले आणि दोघांचे दोन दिवस भांडण झाले, कारण आजींना ‘तुम्ही एकट्या असताना काय विचार करता’ हा प्रश्न आगाऊपणाचा वाटला. परवानगी घेऊन प्रश्न विचारायचे असतात, हे त्या निमित्ताने घरातील सर्वांनाच समजले.

धायरीची पालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला काल सरळ विचारले. तिला डॉक्टर व्हायचे नाही, ‘शाळेतल्या मुलांबरोबर काम करायचे आहे’ असे ती म्हणाली. यजमानांनी समुपदेशक ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि गणिताविषयीची माहिती वाचून ते बरेचसे निवळले आहेत. सासऱ्यांनी बारावीचे पुस्तक मोबाइलवर उघडून बुद्धिगुणांकाचे सूत्र वाचले आणि मानसिक वयाला शारीरिक वयाने भागून 100 ने गुणायचे असेल तर ‘माझ्या वयाला माझा बुद्धिगुणांक किती होईल?’ असा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर कोणालाच देता आले नाही.

मात्र माझ्या शेवटच्या शंकेवर कोणी थेट लिहिलेले नाही. स्वतःचा ताण समजून घेण्यासाठी हा विषय घेणे योग्य आहे का?

निवृत्त अध्यापिका, सदाशिव पेठ

सासरेबुवांचा प्रश्न उत्तम आहे, आणि तो या शास्त्राला खरोखरच पडलेला होता. मानसिक वय ठरावीक वयानंतर वाढत जात नाही आणि शारीरिक वय मात्र वाढत राहते, त्यामुळे त्या सूत्राने प्रौढांची बुद्धी दरवर्षी घटताना दिसेल. म्हणूनच डेव्हिड वेक्सलर यांनी प्रौढांसाठी ते सूत्र सोडून दिले आणि व्यक्तीचे गुण तिच्याच वयोगटातील लोकांच्या गुणांशी ताडून पाहण्याची पद्धत आणली, जिथे त्या वयोगटाची सरासरी 100 धरली जाते. म्हणजे आपल्या सासऱ्यांची तुलना त्यांच्या वयाच्या आजोबांशी होईल, नातीशी नव्हे.

आता आपल्या शंकेविषयी. ती अगदी रास्त आहे आणि माझ्या वर्गात दरवर्षी अशी चार-पाच मुले असत. स्वतःविषयीच्या कुतूहलातून विषयाकडे येण्यात गैर काही नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा विद्यार्थी पुस्तकाकडून उपचाराची अपेक्षा करतो. मनोविकृतींचे प्रकरण सुरू झाले की दोन आठवडे अर्ध्या वर्गाला प्रत्येक विकृतीची लक्षणे स्वतःमध्ये दिसू लागतात. वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांचेही असेच होते, म्हणून मी ते प्रकरण सुरू करण्यापूर्वीच मुलांना याची कल्पना देत असे. परंतु ज्या मुलीची झोप खरोखर उडालेली आहे तिच्यासाठी ती कल्पना पुरेशी नसते.

म्हणून विषय घेण्याचा निर्णय आणि झोपेचा प्रश्न या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. झोप अजूनही लागत नसेल, भूक किंवा नेहमीच्या आवडीनिवडी बदलल्या असतील, तर महाविद्यालय सुरू होण्याची वाट न पाहता तिला तज्ज्ञाकडे न्यावे. कोणाकडे जावे हे लगेच सुचत नसेल तर शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो, तेथे मराठीतूनही बोलता येते आणि बोलणे विनामूल्य आहे. निकालानंतर ती शांत झाली असेल आणि आता केवळ ‘तेव्हा मला असे का झाले’ हे तिला जाणून घ्यायचे असेल, तर अकरावीच्या पुस्तकातील ताणाचे प्रकरण ती इतर कोणापेक्षाही बारकाईने वाचेल.

एक व्यावहारिक सूचना राहिली. ऑनलाइन अर्जात आपण महाविद्यालय, शाखा आणि माध्यम निवडतो, वैकल्पिक विषय मात्र प्रवेश घेताना महाविद्यालयातच ठरतात. प्रत्येक कला महाविद्यालयात मानसशास्त्र नसते, आणि असले तरी ते कोणत्या विषयांच्या जोडीने मिळते हे प्रत्येक ठिकाणी निराळे असते. काही ठिकाणी ते वेळापत्रकात गणिताच्याच तासाला येते आणि मग दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. पसंतीक्रम भरण्यापूर्वी यादीतील पहिल्या चार-पाच महाविद्यालयांच्या कार्यालयात मुलीला घेऊन प्रत्यक्ष जा आणि विषयगटांची छापील यादी मागा. दुपारी दीड ते अडीचच्या दरम्यान जाऊ नका, खिडकी बंद असते.

धायरीची पालक

उद्या सकाळी साडेदहालाच निघतो. सासरेही बरोबर येणार म्हणत आहेत.